मराठी आठ

मला कार चालवता येत होती, पण आईकडे जाता येत नव्हतं. कारची किल्ली नवऱ्याच्या खिशात असायची आणि हे शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय कार कधी जागची हलली नाही.

कार मला ह्यांनीच शिकायला लावली. मोटारसायकलवरून पडून ह्यांच्या उजव्या पायात रॉड बसला, तेव्हापासून ब्रेक दाबता येईना. आमची फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. संध्याकाळी तोडायची आणि उजाडायच्या आत अमरावतीच्या फुलबाजारात पोचवायची. ड्रायव्हर ठेवून पाहिले, एकही टिकला नाही. मग एक दिवस पाहुण्यांसमोर चहा पिता पिता हे म्हणाले, "डायवर पेते, उशिरा येते, आन् वरून पगार मांगते. बायको यातलं काईच करत नाई." पाहुणे हसले. मीही हसले, कारण कपबशा माझ्या हातात होत्या आणि तिथून जाता येत नव्हतं.

मी चौथी शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा धरतो. पण स्टेअरिंग धरलं की कोणाशी बोलावं लागत नाही. मला ते आवडलं. परीक्षेत कार पुढे नेली, मागे आणली, पास झाले. लायसनवरचा माझा फोटो पाहून हे म्हणाले, "खाटकाकडची बकरी दिसते." तेव्हापासून मी रोज कार चालवते. बाजार, खताचं दुकान, ह्यांचा दवाखाना, ह्यांच्या बहिणीचं अकोल्याचं घर. ह्यांना जिथे जायचं तिथे.

माझी आई भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात राहते. तिथलं पाणी खारट. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. माझ्या सासरच्या विहिरीचं पाणी गोड. आई धडधाकट होती तेव्हा माझ्याकडे आली की आधी विहिरीवर जायची, पोटभर पाणी प्यायची आणि मग घरात यायची. नंतर ती खाटेला लागली. फोनवर म्हणायची, "येशीन तवा तुह्या विहिरीचं पानी आनजो व माय."

ह्यांना म्हटलं की म्हणायचे, "रविवारी जाऊ." रविवारी ह्यांचा पाय दुखायचा. एसटी सकाळी जाते ती संध्याकाळी परत येते, आणि संध्याकाळी फुलं तोडायची असतात. मला मोकळी मिळायची ती फक्त दुपार. तेवढ्यात जाऊन यायचं तर स्वतःची गाडी हवी.

ते भावाच्या लक्षात आलं. त्याने नवी मोटारसायकल घेतली आणि जुनी मोपेड आणून आमच्या अंगणात लावली. "पायाशी पान्याची कॅन बसते," म्हणाला. "आईकडे येत जाय."

भाऊ गेल्यावर हे म्हणाले, "चालवायची नाई."

"मले कार येते ना," मी म्हटलं. "लायसन हाये."

"कारचं हाये. मोपेडचं कुठं हाये? पोलिसानं धरलं तं दंड कोन भरन, तुहा भाऊ?"

मला वाटलं, हे मनानेच काढतायत. जिला मोठी गाडी येते तिला लहान कशी चालणार नाही? जिथे कार शिकले तिथल्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, खरं आहे. लायसनवर लिहिलेलं असतं कोणती गाडी चालवायची. माझ्या लायसनवर फक्त चारचाकी होती. "ताई, चार चाकांची गाडी आपली आपन उभी रायते," मास्तर म्हणाले. "दोन चाकांची तुमाले उभी ठेवा लागते. म्हनून परीक्षा वेगळी." आधी शिकाऊ लायसन, मग महिना जाऊ द्यायचा, मग तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागेल तेव्हा परीक्षा. "परीक्षेत काय असते?" "काई नाई. आठ काढा लागते."

आठ म्हणजे काय, हे मला विचारायचं होतं. पण मागे दोन कॉलेजची पोरं उभी होती. मी नाही विचारलं.

घरी ह्यांना विचारलं. ह्यांच्याकडे दोन्ही लायसनं होती, तरुणपणी स्वतः परीक्षा दिलेली. त्या दिवशी अकोल्याहून नणदेचे यजमान, म्हणजे माझे नंदोई, आले होते. दोघं खळ्याच्या कडेला बाजेवर बसले होते.

"आठ नाई येत?" हे म्हणाले. "चौथी पास झाली ना तू? मास्तरनं का भजे तळाले शिकवले?" मग काठी टेकत उठले आणि खळ्याच्या मातीत काठीने आठ काढून दिला. ८. वरून सुरू करायचं, वळण घेत खाली यायचं, मग उजवीकडे शेपटी सोडायची. "शेपटीपाशी थांबायचं आन् पाय टेकवायचा. पाय टेकवला की सायबाले समजते, झालं."

नंदोई तोंडात सुपारी धरून खाली पाहत होते.

"आन् हे पाह्य," हे त्यांच्यासमोरच म्हणाले, "लायसन आलं की दुपारून जाऊन येत जाय मायकडे. मी नाई म्हननार नाई. जवाई साक्षीले हायेत."

इतकं चांगलं हे माझ्याशी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

शिकाऊ लायसन काढलं आणि महिनाभर दुपारी खळ्यावर आठ काढला. मोपेड हलकी, पण मास्तर म्हणाले ते खरं होतं, ती आपली आपण उभी राहत नाही. पहिल्यांदा पडले, कोपर सोललं. मग जमायला लागलं. वरून वळण, पोट, शेपटी, पाय. हे बाजेवरून ओरडायचे, "शेपटी लांब काढ!" मी लांब काढायची.

इंग्रजी आठ मला माहीत नव्हता असं नाही. मोबाइलवर, गाड्यांच्या नंबरांत, एसटीवर, रोज दिसतो. पण तो वाचायचा आठ. काढ म्हटलं की माझा हात पाटीवरचाच आठ काढतो.

आईला फोनवर सांगितलं. तिला अक्षरओळख नाही. "गाडीनं आकडा काढायचा?" ती हसली. "तुह्या हातानं नाई चालत का?" मग रोज विचारायची, "आला का आठ?" मी म्हणायची, येतच आला.

कॅम्पच्या दिवशी हे माझ्यामागे मोपेडवर बसून आले. नंदोई अकोल्याहून मुद्दाम आले होते. मला वाटलं, माझ्यासाठी आले. मैदानात दोन विटा अंतरावर ठेवलेल्या होत्या आणि परीक्षा द्यायला पोरांची ही गर्दी. साहेब बरे होते. म्हणाले, "बाईंना आधी जाऊ द्या." मी एकटीच बाई. त्यामुळे माझ्या आधी कोणाचा आठ पाहायला मिळाला नाही.

"या विटांना घेऊन आठ काढा," साहेब म्हणाले.

दोन विटा कशाला, ते कळेना. ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, काढ. मी काढला. पहिल्या विटेच्या वरून आले, वळण घेतलं, दुसऱ्या विटेच्या खालून उजवीकडे शेपटी काढायला लागले, आणि तेवढ्यात हसू ऐकू आलं. साहेबांचं नाही, पोरांचंही नाही. ते तर अजून मी काय करते ते बघत होते. हसले ते हे. मी शेपटीला पोचायच्या आधीच. ह्यांना ठाऊक होतं शेपटी येणार म्हणून.

मला तिथेच कळलं. तरी मी शेपटी पूर्ण केली आणि पाय टेकवला. दुसरं काय करायचं असतं ते मला कुठे माहीत होतं.

"हे काय काढलं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"आठ, साहेब."

"कोणता आठ?"

 तोंडातून निघालं, "आपला. मराठी."

मग सगळं मैदान हसलं. नंदोई मोबाइल धरून उभे होते. साहेबांनाही हसू आलं, पण त्यांनी तोंड फिरवलं. "बाई, पुढच्या कॅम्पला या," ते म्हणाले. "सगळा फेरा पुरा करायचा असतो, आणि पाय कुठेच टेकवायचा नाही. पाय टेकला की नापास."

मग मी कडेला उभी राहून पोरांचे आठ पाहिले. एका विटेला वळसा, मधून पार, दुसऱ्या विटेला वळसा, आणि परत जिथून निघालो तिथे. त्या आठाला शेपटी नसते.

घरी येताना हे मागे बसले होते. म्हटलं, "तुमाले माहीत होतं."

"मंग? मीच तं शिकवलं तुले." मागून त्यांचं पोट हसून हलत होतं, ते माझ्या पाठीला कळत होतं. "गमतीनंबी रागावते का व कोनी?"

व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला. फुलबाजारात हमाल म्हणायला लागला, "आली का मराठी आठ?" नणद अकोल्याहून फोन करून म्हणाली, "वहिनी, हसू हसू पोट दुखलं व बाप्पा." कारमध्ये हे शेजारी बसून सांगायचे, "डावीकडे घे. मराठी डावीकडे हां, इंग्रजी नाई." मी डावीकडे घ्यायची.

आईला नापास झाले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता?"

"पुढच्या कॅम्पले."

"बरं. मी हावो."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर दोन विटा ठेवल्या. हे उठले, विटा उचलल्या आणि न्हाणीच्या दगडाखाली लावल्या. मग मी शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे, घरातून दिसत नाही अशा जागी, दोन टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्यांना फेरे घालायला लागले. हात आपोआप शेपटीकडे जायचा. त्याला ओढून फिरवावं लागायचं.

मधल्या दिवसांत आई फोनवर यायची थांबली. भावजय म्हणायची, झोपल्या हायेत. कधी म्हणायची, जेवून राहिल्या. मला वाटलं, माझ्यावर रुसली असेल. ह्यांना म्हटलं, एकदा कार काढू. हे म्हणाले, "परीक्षा दे ना पहिले. लायसनवाली होऊन जाय, मायले मान वाटन."

पुढच्या कॅम्पला हे आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. पुन्हा तेच पाहायला कोण येणार? शिकाऊ लायसनवर एकटीने चालवता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या टेम्पोत फुलांच्या पोत्यांवर मोपेड आडवी घालून मी गेले. आठ काढला. पाय टेकवला नाही. साहेबांनी मला ओळखलं असावं. नुसती मान हलवली.

लायसन हातात आलं त्या दुपारी मी विहिरीतून कॅन भरून घेतली. हे बाजेवर होते. नंदोयांसमोर शब्द दिलेला, नाही म्हणता येईना. "फुलं तोडाच्या आत ये," एवढंच म्हणाले.

रस्ता चांगला होता. कॅन पायाशी नीट बसली. कोणी अडवलं नाही, कोणी लायसन विचारलं नाही.

भावजय दारातच भेटली. माझं हेल्मेट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, आता त्या वळखत नाईत कोनाले. तुमी परीक्षेत नापास झाल्या, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून. तुमी रडसान म्हनून नाई सांगतलं."

आई खाटेवर टेकून बसली होती. वाळली होती, पण डोळे स्वच्छ. मी पायांशी बसले.

"कोन व बाई?" तिने विचारलं.

"मी हावो, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परक्या बाईशी बोलावं तशी हसली. मी पेल्यात पाणी ओतून तिच्या तोंडाशी धरलं. ती प्यायली, थांबली, परत प्यायली.

"गोड हाय," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या विहिरीचं पानी असंच हाय."

"मीच तुही पोरगी हावो, आई."

"नाई व. ती येनार हाय, गाडीवर. तिचा आठ राह्यला."

"झाला तिचा आठ," मी म्हटलं.

"झाला?" आईने दाराकडे पाहिलं. अंगणात मोपेड उभी होती, ती दिसत होती. आईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मंग आली काहून नाई?"

 मी पेला पुन्हा भरला. ती अर्धा प्यायली आणि माझा हात मागे सारला.

"बाकीचं ठेव. उन्हातून येईन ती."

फुलं तोडायची वेळ होत आली होती. मी पेल्यावर ताटली झाकली, तो तिच्या उशाशी ठेवला आणि निघाले.