सुईखालच्या रेघा

वहिनी, तुझ्याविषयी लिहा म्हणणारे सगळे शब्दही आधीच माझ्या हातात कोंबतात. सोशिक लिहा, मायाळू लिहा, कधी तोंडातून ब्र काढला नाही असं लिहा. यातलं काहीही मी लिहिणार नाही. तू सोशिक नाहीस, पक्की हट्टी आहेस. आणि तुझ्या नवऱ्याइतका, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाइतका, स्वतःवर खूश माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. खुशाल रागाव.

तर वहिनी शिवणकाम करायची. कपड्यांच्या दुकानातून दर आठवड्याला गठ्ठा यायचा. कुणाची पँट लांब, कुणाचा झगा कमरेत घट्ट. मागच्या खोलीत खिडकीशी सासूचं पायमशीन होतं, त्यावर पस्तीस वर्षं तिचे पाय चालत होते. टीप इतकी सरळ की दुकानदार विचारायचा, "बाई, पट्टी धरून शिवता की काय?"

पट्टी नव्हती, रेघा होत्या. सुईखालच्या पोलादी प्लेटवर तिने खिळ्याने चार रेघा ओढल्या होत्या. पाव इंच, अर्धा, पाऊण, एक. कापडाची कड रेघेला लावली की झालं. पण गेली दोन वर्षं तिला त्या रेघा दिसतच नव्हत्या. जिथे बघावं तिथे मधोमध धुकट डाग. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. मग ती दोरा तारेच्या कडीने चाचपून ओवायला शिकली आणि रेघेत नख रोवून कापड त्या नखाला टेकवत पुढे सोडायला शिकली. टीप तशीच सरळ. घरात कुणाला पत्ता नाही.

तिने का लपवलं, तर मागे एकदा तिची कंबर धरली होती. दादाने परस्पर दुकानात फोन केला, "ती आता शिवणार नाही." वर इमारतभर सांगत फिरला की मी तिला विश्रांती दिली! ते काम परत मिळवायला तिला सहा महिने लागले. डोळ्यांचं कळतं तर त्याने मशीनच उचलून दिलं असतं, आणि स्वतःचं कौतुक करून घेतलं असतं.

दादा निवृत्त. जन्मभर रेकॉर्ड ऑफिसात शिक्के मारले, आता मोबाइलवर जुन्या वस्तू नव्या करण्याचे व्हिडिओ बघतो. वहिनी आठ दिवस बहिणीकडे गेली आणि या गृहस्थाने मशीन खोललं. सुटे भाग रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या तेलाचा चिकट थर दात घासायच्या ब्रशने काढला, लोखंडी पायांचा गंज खरवडून काळा रंग दिला, लाकडाला पॉलिश, चाकाला नवा चामडी पट्टा. प्रत्येक स्क्रूचा फोटो मला.

"काय दशा केली होती ग तिने!" फोनवर सांगत होता. "प्लेटवर तर नुसते ओरखडे. तीन प्रकारचे पॉलिश पेपर घासले, तेव्हा कुठे आरसा झाला."

"तिला विचारलंस?"

"विचारून सरप्राइज देतात होय?"

मशीन लोण्यासारखं चालायला लागलं, हे मान्य करावंच लागतं. म्हणून तर जास्त चीड येते.

वहिनी परतली त्या संध्याकाळी त्याने शेजारपाजार जमवला. मीही होतेच. मशीन आता पुढच्या खोलीत, नवरीसारखं नटलेलं. "चल, सगळ्यांना एक टीप मारून दाखव!" वहिनी प्रवासाच्या साडीतच बसली. तिने कापड घातलं, बोट प्लेटवर ठेवलं. बोट इकडे गेलं, तिकडे गेलं. पायडल सुरू झालं आणि टीप गेली सापासारखी वळत, कडेवरून खाली उतरली.

"बघा," दादा म्हणाला, "गाडी नवी केली, पण ड्रायव्हर जुनाच!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

"दोरा जुना आहे," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मी मागोमाग गेले.

"काय चाचपत होतीस?"

"रेघा." मग ओट्याशी उभं राहून तिने डोळ्यांचं सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"थांब, आत्ता जाऊन त्याला झाडते!"

"ताई, एक अक्षर बोललात तर माझ्याशी गाठ आहे. त्यांना कळलं की माझं शिवण संपलं."

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर गेल्यावर तिने दोन स्क्रू काढून ती प्लेट रुमालात बांधली. जुन्या शर्टाच्या शिवणीवरून अंतरं घेऊन पुठ्ठ्याला चार खाचा पाडल्या. दोन्ही माझ्या हातात दिलं. "चषकांवर नावं कोरणाऱ्याकडून या मापाने रेघा पाडून आणा. खोल हव्यात, नख अडकलं पाहिजे. दुकानाला मी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय."

मी गेले. तो म्हणाला, पोलाद आहे, गुरुवारी या. मला गुरुवारी या म्हणणाऱ्या माणसांचा तिटकारा. चार शब्द ऐकवून बाहेर पडले, म्हटलं दुसरा शोधू. मग मुलीकडे गेले, मग गुडघा, मग व्याख्यानमाला. माझी कारणं सांगायची म्हटली तर सकाळ होईल. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले आणि दुकानदाराने दुसरी बाई शोधली.

वहिनीने मला एकदाही विचारलं नाही. दादा रोज मशीनचं झाकण पुसतो, वर फुलदाणी ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. झाकण उघडून आत बघावंसं त्याला अजून वाटलेलं नाही. प्लेट माझ्या कपाटात आहे, पुठ्ठ्यासकट. कोरणाऱ्याचं दुकान माझ्या दारापासून चार मिनिटांवर आहे, आणि गुरुवार दर आठवड्याला येतो.