अक्काची उपाशी ओळ

शिवगंगा अक्काच्या टमाट्यांत एक ओळ कायम फिकट, किडकिडीत असायची. ठिबकमधून युरिया सोडताना अक्का त्या नळीचा कॉक आठवणीने बंद करायची. साधं पाणी मात्र तिला इतरांइतकंच. येणारे-जाणारे चेष्टा करायचे, "अक्का, ही सावत्र हाय का?" अक्का खुरपं न थांबवता म्हणायची, "तीच तेवढी खरं बोलती. बाकीच्या खाऊन गप बसत्यात."

मीही हसायचो. औशाला खताच्या दुकानात बारा वर्षं काउंटरवर काढलेला माणूस मी. गिऱ्हाईक पिवळं पान घेऊन आलं की युरिया काढून द्यायचा, एवढं माझं शास्त्र. नोकरी सोडून अक्काच्या बांधाला लागून टमाटे लावले, तेव्हा बायकोने एकच विचारलं होतं, "न्हाई जमलं तर मालक परत घेतील का?"

झाडं कमरेला लागली. पाला काळाभोर. फुलं मात्र यायची नि गळायची. मी घाबरून युरिया आणखी वाढवला. तरी रोज सकाळी नळ्यांवर फुलांचा सडा पडलेला असायचा.

एके दिवशी अक्का बांध ओलांडून आली. "लई पाजलं की झाड अंगानंच वाढतंय, लेकुरवाळं होत न्हाई," म्हणाली आणि वाकून एका नळीचा कॉक फिरवला. "युरिया सोडताना हा बंद. पंधरा दिवस ही उपाशी राहू दे. मला न्हाई, तिला इचार."

पंधरा दिवसांनीही ती ओळ हिरवीगारच. अक्का पान उलटून बघत म्हणाली, "उपाशी माणूस एवढं गुबगुबीत दिसतंय व्हय? चोरून खाऊन राहिली ही." मग ती माझ्या विहिरीकडे बघू लागली. विहिरीच्या वरच्या अंगाला आमचा उकिरडा, आजोबांच्या काळापासूनचा. दर पावसाळ्यात त्याचा अर्क खाली झिरपत होता. "हिरीतच जेवण हाय लेकरा. वरून तू ताट वाढून राहिलास." लातूरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला दिलं. कागदावर तेच आलं: पाण्यात नायट्रेट, म्हणजे युरियातलंच नत्र, भरपूर.

युरिया पार बंद केला. काही दिवसांनी फुलं टिकू लागली, मग बोराएवढी फळं दिसली. बायको ती चाचपत म्हणाली, "आता मालकाला इचारायचं काम न्हाई." मला इतकं हायसं वाटलं की मी बांधावर नुसता बसून राहिलो.

उकिरडा मी खालच्या अंगाला हलवला. पुढे अक्काचे गुडघे गेले आणि ती नांदेडला लेकीकडे राहायला गेली. फोनवर ख्यालीखुशाली नाही, थेट प्रश्न, "उपाशी कशी हाय?"

"हिरवीच हाय, अक्का."

"मग थांब."

दोन वर्षं, दर लागणीला हेच चाललं. यंदा त्या ओळीसकट सगळ्यांचीच खालची पानं पिवळी पडू लागली. आयुष्यात पहिल्यांदा पिवळं पान बघून मला आनंद झाला. तिथूनच फोन लावला.

अक्का म्हणाली, "हीर निवळली तुजी. आता वाढ समद्यांला, जरा जरा."

मी बरं म्हटलं. ती फोन ठेवेना.

"तिला सोडून," अक्का म्हणाली.