तीन तारांचा करंट

उसाच्या फडात आईबापामागं फिरत वाढलेली प्रियंका आयटीआय करून सेलूच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वायरमन म्हणून लागली. बाई वायरमन बघून लोक हसले. तिनं मनावर घेतलं नाही.

एका दुपारी मोठ्या मोटारीचा आवाज तिला बदललेला वाटला. पॅनेल उघडून तिनं करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरचा जबडा एकेका तारेभोवती अडकवला. तिन्ही तारांत करंट सारखा पाहिजे. इथं दोन तारांत तो भलताच वाढला होता आणि तिसरीत पार उतरला होता. तिनं मोटार बंद केली.

मुकादम भारतराव धावत आले. "बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय. चालू कर!"

"न्हाई करत. कुठंतरी जोड ढिला झालाय. ठिणगी पडली तर समदा कापूस पेटंल, आन् आत बाया हायेत."

"मग मीच करतो. तू नीघ घरी."

प्रियंका पॅनेलचं दार बंद करून त्याला पाठ लावून उभी राहिली. "मला कामावरून काढा, पण अगुदर मोटार उघडून बघा."

कापूस निवडणाऱ्या धुरपदाबाईंनी हे ऐकलं. तोंडाचा पदर सोडून त्या बाहेर आल्या, त्यांच्यामागं सगळ्या बाया. "पोरगी हो म्हणत न्हाई तोवर आमी आत जात न्हाई."

मुकादमांचा नाइलाज झाला. मोटारीचं झाकण काढलं, तर एका तारेचा जोड जळून काळा पडला होता.

"सगळ्यांसमोर मला अडवलंस. उद्यापासून येऊ नको," संध्याकाळी भारतराव तरीही म्हणाले.

दुसऱ्या सकाळी प्रियंका सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर होती. बाया तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा भारतरावांना तिच्यासाठी फाटक उघडावंच लागलं. ती आत गेल्यावरच त्या आत गेल्या.