माझ्या पट्टीतली गिटार

आज संदीपच्या गिटारला नव्या तारा लावायला नेहरू नगरच्या दुकानात गेले. संदीप माझा नवरा. उन्हाळ्यात तो गेला, तेव्हापासून तारा गंजत होत्या.

तो बोटांनी वाजवायचा, असं सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, "तो पतले तार ले जाइए, भाभीजी।"

मी म्हटलं, तो गिटार खालच्या पट्टीत लावायचा.

"फिर मोटे लगेंगे, पतले ढीले पड़ जाएँगे। इतना नीचे क्यों?"

"मेरी आवाज़ ऊपर नहीं जाती।"

"अच्छा, तो गाती आप हैं।"

त्यांनी जाड तारा चढवून गिटार जुळवून दिली.

दुपारपासून ती समोर ठेवून बसलेय. गळ्यातून सूर निघत नाही.

आपलं माणूस गेल्यावर तुमच्यापैकी कुणी पुन्हा गायलंय का? पहिल्यांदा कुणासमोर गायलात?