आर्मिंदोंचं न दिलेलं मत

आर्मिंदो यांना मी ओळखत होतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांची पत्नी हयात होती की नाही, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला मी माझ्या मुलाकडे, धम्मपालकडे, राहतो; त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ते आपल्या लेकीकडे, ग्रासाकडे, राहायचे. दीड वर्ष आमचं बोलणं म्हणजे नमस्कार आणि कोणत्या वारी कोणता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, एवढंच.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"नामदेव, तुमचे डोळे कसे आहेत?"

"मोतीबिंदू काढलाय. चांगले आहेत."

"आणि दुपारी काय करता?"

"काही नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग माझ्याकडे या."

ते पूर्वी लिस्बनला फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत रंग जुळवायचं काम करत. तिथल्या एका चित्रपट-संस्थेचे ते अजूनही सभासद होते. परदेशी भाषेतल्या चित्रपटाला जो ऑस्कर देतात, त्यासाठी पोर्तुगाल दरवर्षी एक चित्रपट पाठवतो. तो कोणता पाठवायचा, यावर हे सभासद मत देतात.

"चाळीस वर्षांहून जास्त पाठवतोय," ते म्हणाले. "शेवटच्या पाचांत एकदाही नाही. पण न पाहिलेल्या चित्रपटाला मी आजवर मत दिलेलं नाही."

त्या वर्षी घरी पाहायला चार चित्रपट आले होते, आणि त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यावर डाग पडला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. किती दिसत नाही, हे त्यांनी ग्रासालाही सांगितलं नव्हतं. ती कामावरून दमून यायची आणि म्हणायची, "पप्पा, कुठल्याही एकावर खूण करा ना."

तेव्हा असं ठरलं की शब्द त्यांनी ऐकायचे आणि चित्र मी सांगायचं. मला पोर्तुगीज येत नाही. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो, अडलं की जर्मन.

पहिल्या दुपारी मी म्हणालो, "आकाश निळं आहे."

"कोणतं निळं? कागदाच्या कचऱ्याचा डबाही निळाच आहे."

मी नागपूरला आयटीआयमध्ये तीस वर्षं लेथ शिकवली. दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, "लेथवर पोलाद कापताना निघणारी चीप तापून निळी पडते, तसं."

ते खुर्चीत पुढे सरकले. "हां. आता दिसलं."

दोन तास बघायचं आणि बोलत राहायचं, याने माणूस इतका थकतो हे मला माहीत नव्हतं. वर आलो की सून कीर्ती हसायची. "बाबा, सुटली का शिफ्ट?"

तिसरा चित्रपट मिठागरावर राहणाऱ्या एका म्हातारीचा होता. ती खिडकीशी बसली. बराच वेळ बसली. मला झोप लागली. दचकून डोळे उघडले तर ती तिथेच.

"आता?" आर्मिंदोंनी विचारलं.

"तसंच आहे. ती बसलीय. उजेडही तोच."

"मघापासून?"

"हो."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. ते हळूच म्हणाले, "एवढा वेळ एकच शॉट! केवढं धाडस. मागे मिठागरात माणसं भांडतायत, निघून जातायत, आणि हा दिग्दर्शक कॅमेरा हलवत नाही."

चौथा पाहून झाल्यावरही ते त्याच शॉटबद्दल बोलत होते. मत त्या तिसऱ्यालाच देणार होते. शुक्रवारी मुदत संपायची होती. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. गुरुवारी दुपारी मी खाली गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मी झोपलो होतो."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"घोरत नाही तुम्ही, हाच तुमचा दोष. घोरला असतात तर मला कळलं असतं."

आम्ही तो भाग पुन्हा लावला. तो एक शॉट नव्हताच. माणसं, हातगाड्या, मिठाचे ढीग, परत म्हातारी, असं पटापट बदलत होतं. मी सांगत गेलो, पण दोन मिनिटांतच मागे पडलो. त्यांनी हात वर केला.

"पुरे. बंद करा."

"पुन्हा लावू. सावकाश."

"नको, दमलो. ज्याला मत देणार होतो, तो चित्रपट तुम्ही झोपेत काढलात. तो यादीत नाही." ते थोडंसं हसले. "चांगला होता."

"बाकीचे तीन तर मी नीट सांगितले."

"सांगितलेत. मी पाहिले नाहीत."

त्यांनी मत दिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ग्रासाला बोलावून डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि सभासदत्व सोडल्याचं पत्र तिच्याकडून लिहून घेतलं. ती रडली, असं मला नंतर कळलं. शेवटी लिस्बनहून कोणता चित्रपट गेला, हे मी कुणाला विचारलं नाही.

ऑक्टोबरात कोलोनला, नजर गेलेल्यांसाठीच्या एका निवासगृहात, त्यांना खोली मिळाली. ग्रासा सामान गाडीत ठेवत होती. जिन्यात आम्ही दोघंच होतो. माफी मागायची असं मी ठरवून आलो होतो, पण माझा हात धरून ते उतरायला लागले आणि मला ते जमलं नाही.

"किती पायऱ्या राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"तीन. कठडा उजवीकडे आहे."

"बरं."