मधल्या रांगेतले ढग

मुंबई ते हैदराबाद जेमतेम तासाभराचा प्रवास, आणि त्यासाठी समुद्रापार जाणारं हे अवाढव्य विमान! माणसं आत शिरून बसेपर्यंतच तास गेला. वर उशी, पांघरूण आणि समोर सिनेमा. झोपायचं कधी आणि बघायचं कधी? मी दह्याचं झाकण उघडतोय तोवर ट्रे उचललासुद्धा.

शेजारी पहिल्यांदाच विमानात बसलेल्या एक काकू होत्या. "मुलाने मुद्दाम मोठ्या विमानाचं तिकीट काढलं. म्हणाला, आई, ढग बघ," त्या मला कौतुकाने सांगत होत्या. आम्ही बसलेलो मधल्या रांगेच्या ऐन मध्यात. काकूंनी मान उंच करकरून पाहिलं, पण दिसली ती लोकांची डोकी.

हल्ली आपल्याला सगळंच मोठं लागतं. लग्नाचा हॉल एवढा मोठा, की आपल्या अक्षता पुढच्याच्या टकलावर पडतात आणि नवरी पडद्यावर बघावी लागते. इथेही तेच. पडद्यावरच्या नकाशात एक चिमुकलं विमान सरकत होतं, काकू बिचाऱ्या ते बघत बसल्या.

चाकं टेकताच सगळे ताडकन उठले आणि तसेच ताटकळत राहिले. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला.

"आई, दिसले का ढग?" मुलाचा आवाज मलाही ऐकू आला. फोन हिसकावून त्याला चांगलं सुनावावं, असं वाटलं.

"हो रे, अगदी पिंजलेल्या कापसासारखे!" काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.