इसलाव येईपर्यंत

तेर्यो दुमलाओला मरायची सोय नव्हती. त्याने धाकट्या भावाला अमेरिकेत आणण्यासाठी सरकारकडे अर्ज केला होता, आणि अर्ज करणारा मेला की अर्जही मेला, असं वकिलाने स्वच्छ सांगितलं होतं. कायमचं मायदेशी जायचीही सोय नव्हती, कारण बोलावणाऱ्याने इथंच राहायला हवं. भावाबहिणींच्या अर्जांची रांग अशी, की अमेरिकेतल्या नॅशनल सिटीतले आम्ही फिलिपिनो त्या रांगेतच म्हातारे होतो. तेर्यो तर ऐंशीला टेकला होता. रक्तदाबाची गोळी तो स्वतःसाठी नाही, इसलावसाठी घ्यायचा.

मायदेशी इलोकोसच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा हा थोरला पोरगा. विशीत अमेरिकेच्या नौदलात भरती झाला तेव्हा डुक्कर भाजून गावजेवण झालं. गावाला वाटलं, पोरगा तोफा डागणार! पण आमच्या पोरांना तेव्हा तिथे एकच काम मिळायचं, अधिकाऱ्यांची सरबराई. व्हिएतनामचं युद्ध तेर्योने हातात ट्रे धरून काढलं. कॅप्टनचे बूट चमकवायचे, अंथरूण ताठ करायचं, आणि कॅप्टन जेवत असताना खुर्चीमागे उभं राहायचं. बाहेर तोफा धडधडायच्या आणि आत हा थेंबही न सांडता सूप वाढायचा. त्याला याचा अभिमान होता आणि चीडही होती, पण घरी तो यातलं काहीच बोलला नाही.

नौदल सुटल्यावर पोस्टात नोकरी केली, पासिताबरोबर संसार केला, मुलगी रोवेनाला नर्स केली. जो आधी जातो त्याने मागच्यांना वर ओढायचं, ही आमच्याकडची रीतच, म्हणून इसलावसाठी अर्ज केला. गावात समुद्राकडे तोंड करून दुमजली घरही बांधलं. खाली इसलाव राहायचा आणि थोरल्यासाठी वरचा मजला झाडूनपुसून बंद ठेवायचा. पासिता गेली तेव्हा तेर्योचा जीव पार त्या वरच्या मजल्यात जाऊन बसला. इथे उरलं होतं ते गॅरेजमधलं दुसरं स्वयंपाकघर आणि कुंडीतला शेवगा.

"पप्पा, परत सुके मासे तळताय?" रोवेना नाक दाबून ओरडायची. "शेजारी पोलीस बोलावतील एक दिवस!"

"बोलावू देत. त्यांनाही वाढतो."

रविवारी इसलावचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या मागे समुद्र दिसायचा आणि वाळूत ओढलेली होडी. तेर्यो भावापेक्षा जास्त तिकडेच बघायचा.

"धीर धर रे, होईल काम," तेर्यो म्हणायचा.

"होईल, मनोंग. मी येणारच," इसलाव म्हणायचा. मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आणि त्याला नाही म्हणायची इसलावला सवय नव्हती.

मध्यंतरी इसलावची बायको वारली. मुलं मोठी झाली आणि वय उलटलं म्हणून अर्जातून गळली. तो स्वतः साठीपार गेला. आणि मग एकदाचा व्हिसा आला. तेर्यो गॅरेजात एकटाच रडला. त्याने इसलावला घालायला जाड जाकीट घेतलं, आणि रोवेनालाही न सांगता स्वतःचं कायमचं गावी जायचं तिकीट काढलं. भावाला इथे रुळवायचं, किल्ल्या त्याच्या हातात द्यायच्या आणि निघायचं. इसलाव येऊन पोचला. रविवारी सगळे जेवायला बसले की सांगू, असं तेर्योने ठरवलं.

शनिवारी सकाळी तो कुंडीतल्या शेवग्याचा पाला घेऊन आला, तर गॅरेजात इसलाव फोनवर मुलाशी बोलत होता. पाठ दाराकडे होती.

"नाही रे बाबा, करमत कसलं? इथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही. पण मनोंगने माझ्यासाठी एवढी वर्षं काढली, त्याला नको कसं म्हणू? एकटा आहे तो. त्याचं बरंवाईट होईपर्यंत थांबतो. मग येतोच घरी."

एवढी वर्षं दोघेही एकमेकांसाठीच अडकून बसले होते! एका वाक्याने दोघे सुटले असते. तेर्यो आत शिरला.

"इसलाव, ऐक. मला काय म्हणायचंय..."

इसलाव चटकन उभा राहिला. फोन खिशात टाकून तो तोंडभर हसला. "बस ना, मनोंग! मासे तळलेत बघ. आणि काळजी सोड आता. होडी विकून टाकली मी, मागे काही ठेवलंच नाही. आता तुझ्याजवळच."

"होडी विकलीस?"

"मग! तुझ्यापेक्षा होडी मोठी का?"

तुझ्यासाठीच इथे कुजलो आणि आता मी चाललो, असं होडी विकून आलेल्या माणसाला तेर्यो कोणत्या तोंडाने सांगणार? तो खुर्चीत बसला. इसलावने भात वाढला, माशाचा मऊ तुकडा वेचून ताटात ठेवला आणि खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"तूही बस की रे."

"तुझं होऊ दे आधी."

असंच कॅप्टनच्या खुर्चीमागे उभं राहून तेर्यो रोज हसऱ्या चेहऱ्याने वाट बघायचा, की याचं कधी एकदा संपतंय आणि आपण कधी सुटतोय. त्याने मान खाली घातली आणि तो भराभर जेवू लागला.